रविवारची चावी

मुलीच्या दातांचा निर्णय घ्यायचा होता, त्या काळात मी अमरावतीच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या बातम्या पाहत होतो. खेड्यांतून आत्महत्यांच्या बातम्या येत. नाव, वय, गाव दोन ठिकाणांहून पडताळल्याशिवाय मी बातमी पानात सोडत नसे.

मुलगी सातवीत होती. वरचा जबडा अरुंद, सुळ्यांना जागा नाही. दोन्ही सुळे हिरडीत उंच अडकलेले. ती ओठ आवळून हसायची.

अमरावतीच्या डॉक्टर बाईंनी दातांचा साचा घेतला आणि पक्की तार सुचवली. दर महिन्याला यायचं, एकही खेप चुकवायची नाही. जागा कमी पडली तर वरचे दोन दात काढावे लागतील.

“किडलेले नाहीत ना ते?” मी विचारलं.

“अगदी चांगले आहेत. काढले की परत येणार नाहीत. म्हणून घरी बोला, मग सांगा.”

अकोल्याहून तिचा मामा आला होता. त्याने ते ऐकून जेवण थांबवलं. “काहून पोरीचे चांगले दात उपटून राहिले, भाऊजी? आमच्याकडे वळखीचा डॉक्टर हाये. त्याले दाखवा आधी.”

दुसरं मत घेणं माझ्या सवयीचंच होतं. पुढच्या रविवारी आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी काढता-घालता येणारी प्लेट दाखवली. टाळूवर बसणारा गुलाबी तुकडा, मधोमध बारीक स्क्रू. आठवड्यातून एकदा चावीने पाव फेरा द्यायचा. जबडा हळूहळू रुंद होतो. जेवताना आणि दात घासताना काढायची, एरवी रात्रंदिवस तोंडात. दात काढावे लागणार नाहीत, बहुधा.

“पण हे वाढीच्या वयातच,” ते म्हणाले. “तिच्याकडे वर्षभर आहे असं समजा. नंतर हाड ऐकत नाही.”

घरी मी कागदावर दोन रकाने पाडले. एकात तार, दुसऱ्यात प्लेट. प्लेटच्या रकान्यात ‘दात वाचतील’ असं लिहिलं. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला मी मोकळा असेन याची मला खात्री नव्हती, हेही कारण होतं. ते लिहिलं नाही. कागद बायकोला दाखवला. मुलीला दाखवला नाही.

दर रविवारी सकाळी, आंघोळीनंतर, ती खुर्चीवर बसून प्लेट माझ्या हातात देई. मी पाव फेरा देऊन डायरीत तारीख लिहीत असे. प्लेट परत घालताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. फेऱ्यानंतर दुखतं, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. दुखतंय म्हणजे काम होतंय, असा अर्थ मी काढला. रोज संध्याकाळी विचारायचो, “दिवसभर घातली होती?” ती म्हणायची, “हो.”

अकोल्याच्या तपासणीच्या दोन खेपा माझ्यामुळे चुकल्या. बातमी पडताळायला एकदा परतवाड्याकडे जावं लागलं, एकदा वलगावला. सुळे खाली येत नव्हते. मी रोज टॉर्च लावून पाहू लागलो. मग ती टॉर्च दिसली की उठून आत जाऊ लागली.

आठ महिन्यांनी डॉक्टरांनी प्लेट नव्या साच्यावर ठेवून पाहिली. ती बसेना. त्यांनी जुना साचाही शेजारी ठेवला. दोन्हींत फरक दिसत नव्हता.

“प्लेट रुंद झाली,” ते म्हणाले. “जबडा आहे तिथेच आहे. ही प्लेट दिवसभर तोंडात नव्हती.”

मी तिच्याकडे पाहिलं. परतीच्या एसटीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर ती बोलली.

शाळेच्या परिपाठात ठळक बातम्या ती वाचायची. आमच्याच घरचा अंक नेऊन. हे मला माहीत होतं, मला त्याचा अभिमानही होता.

“प्लेट घातली त्या पहिल्याच दिवशी पहिली बातमी आत्महत्येची होती,” ती म्हणाली. “शब्द नीट निघेना. सगळं बोबडं. पोरं हसली, बाबा. त्या बातमीला हसली.”

“मग?”

“समोर वर्गातली वलगावची मुलगी बसलेली. तिच्या काकांची बातमी त्याआधीच्या महिन्यात आलेली. मीच वाचलेली. ती नाही हसली. मग मी शाळेत प्लेट कंपासपेटीत ठेवायचे.”

“बातम्या दुसऱ्या कुणी वाचल्या असत्या.”

“काहून? मले येतात ना वाचता.” घरी ती असं बोलत नसे. रागावली की मामाची भाषा यायची.

प्रत्येक मृत्यू दोन ठिकाणी पडताळणारा मी, आठ महिने एकाच ‘हो’वर डायरी भरत होतो.

अमरावतीच्या डॉक्टर बाईंनी दोन्ही साचे पाहिले. आता दोन दात काढावेच लागतील, त्या म्हणाल्या. ‘जागा कमी पडली तर’ हे शब्द या वेळी नव्हते. मी प्लेटबद्दल काही विचारायला तोंड उघडलं, त्याआधी मुलीने विचारलं, “तार लावल्यावर वाचता येतं?”

“चार-आठ दिवस ओठ सोलवटतील. प्लेट टाळूवर बसते म्हणून जीभ अडते. तार दातांवर बाहेरून बसते. वाचता येईल.”

“मग काढा.”

मी सही केली. दोन दात दोन वेगवेगळ्या दिवशी निघाले. कापसात गुंडाळलेला दुसरा दात बाईंनी माझ्या हातावर ठेवला. पांढरा, अखंड, मुळासकट.

तार बसल्यावर आठवड्याने तिने घरी अंक वाचून दाखवला. “समजतंय?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. पण आम्ही घरचे, आम्हाला समजणारच. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत उशिरा येतो असं कळवलं आणि परिपाठाच्या वेळी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो. पहिली बातमी त्याही दिवशी आत्महत्येचीच होती. नाव, वय, गाव. तिने तिन्ही सावकाश वाचली. मैदानात कुणी हसलं नाही.

अंकाची घडी घालताना तिला मी दिसलो. टॉर्च दिसावी तसे तिने ओठ आवळून घेतले.