मंदाचा दबका आवाज

मंदाच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी जुनवानीच्या बाजारात वांग्यांवरून भांडत होते. "मावशी, आई नाही राहिली." भाजीवाल्यानं माझं तोंड पाहिलं आणि मी म्हणत होते तोच भाव मुकाट्यानं लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा... वांगी तिथंच राहिली.

सेक्टर १० मध्ये आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लावून. दोघींचे नवरे स्टील प्लांटमध्ये, दोघींची माहेरं भंडाऱ्याकडची. मंदाचा आवाज असा, की तिनं लेकीला जेवायला हाक मारली तर पार तिकडे खुर्सीपारची पोरं हात धुवायला उठायची. एकदा प्लांटचा भोंगा बिघडला, तर मंदा दूधवाल्याशी भांडली त्यावर अख्खी फर्स्ट शिफ्ट वेळेत पोचली. खोटं वाटत असेल तर दूधवाल्याला विचारा. जरा मोठ्यानं विचारा, त्याला तेव्हापासून कमी ऐकू येतं.

अशी बाई एका गोष्टीपुरती मात्र कुजबुजायची. "कंबर धरली वं," म्हणायची, आणि गल्लीतल्या आम्ही सगळ्या समजायचो. अंगावरून पांढरं जाणं, आग, खाज, वास... आम्हा बायकांत या सगळ्याला कंबरच म्हणतात. औषधाच्या दुकानात ती गर्दी ओसरायची वाट बघायची, आणि मधेच कुणी पुरुष येऊन उभा राहिला की खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत यायची. सगळ्या दुर्ग जिल्ह्याचा घसा बसला असता तरी पुरल्या असत्या एवढ्या त्या तिच्या घरी होत्या. कधी हिंमत झालीच, तर दुकानदार काही न विचारता अँटिबायोटिकच्या चार-सहा कॅप्सूल कागदात बांधून द्यायचा. दोन घेतल्या की आग निवायची. उरलेल्या जपून ठेवायच्या, आणि मग विरजण मागावं तशा त्या गल्लीभर फिरायच्या.

पुढे आग निवेनाशी झाली. साखर आधीच वाढलेली, त्यात हुडहुडी भरून ताप आला. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आतला स्राव तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा मी तिथंच होते. त्या म्हणाल्या, वाटेल ते औषध अर्धवट घेत राहिलं की जे जंतू वाचतात ते पुढच्या खेपेला त्या औषधाला भीत नाहीत. हे आता कशालाच भीत नाहीत, आणि रक्तात पोचलेत. "एक इंजेक्शन उरलंय. किडनीला जड जाईल. पण दुसरं माझ्याकडे नाही." क्वार्टरच्या गळक्या छतासाठी मी एका साहेबाला बोलून बोलून रडवलं होतं. इथं कुणाशी बोलणार? जंतूशी हुज्जत घालता येत नाही.

मंदानं दाराशी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मला जवळ वाकायला लावलं. "यायले नको सांगू, कुठचं दुखणं हाये ते."

"मग काय सांगू?"

"कंबर म्हण."

"कंबरेनं कोणी मरते काय वं?"

"मी मरून राहिली ना," म्हणाली, आणि हसली. ते आमचं शेवटचं बोलणं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच भाऊजींना बोलावून सगळं सांगितलं. प्लांटच्या मिलमधल्या कुठल्या बेअरिंगचा आवाज बदलला, हे भाऊजी चहा पिता पिता ओळखायचे. बाहेर येऊन मला म्हणाले, "मले कावून नाही सांगतलं तिनं?"

तेरवीनंतर त्यांनी हॉस्पिटलातून आलेली पिशवी उघडली आणि तिचे कपडे स्वतः धुतले. आतले कपडे मंदानं जन्मभर न्हाणीत, ओल्या साडीच्या आड वाळवले. उन्हाला कधी दाखवले नाहीत. भाऊजींनी ते पुढच्या अंगणात, ऐन रस्त्यावरच्या तारेवर, एकेक वेगळा चिमटा लावून घातले, आणि खाली खुर्ची टाकून बसले. सेकंड शिफ्टची माणसं समोरून स्कूटरवरून जात होती.

"भाऊजी, आता कशाले?"

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं, उनात वाळवा म्हणून."

ऊन सरकलं तसे ते उठले, आणि चिमटे काढून एकेक कपडा तारेवर उन्हाकडे सरकवत गेले.