एका चुलीचं कार्ड

आमच्या गावातला पहिला बी.ए. मीच, त्यामुळे खालापूरच्या कचेरीत रेशनकार्डाचे अर्ज तपासताना माझा हात ऐटीत चाले. एकदा मिश्रीचे काळे दात दाखवत हसणारी एक म्हातारी आली. तिला आणि तिच्या सवतीला मिळून एकच कार्ड हवं होतं.

"नवरा कुठाय?"

"तिसरीसंगं पळाला. आमी दोघी ऱ्हायलो एका चुलीवर."

नवऱ्याशिवाय सवत कुटुंबात कशी धरायची, हे कुठल्याच नियमात नव्हतं. अर्ज फेटाळला तर दोघींचं रॉकेल बंद. मी हळूच म्हटलं, "आजी, नात्यात बहीण लिहितो."

"नको रं बाबा! बहिनीसंगं माजं पटत नाय."

मी 'सवत' लिहून अर्ज साहेबांपुढे सरकवला. सही ठोकता ठोकता साहेबांनी विचारलं, "आणि उद्या नवरा परत आला तर?"

"येऊं दे की. पाव्हणा म्हनून जेवंल."