खंडेनवमीला पुजलेला पंप

आमच्या ह्यांचं नाव फत्तेसिंग, पण कुठला गड जिंकलाय असं काही नाही. बंगळुरात पीण्याच्या कारखाना वसाहतीत विजेच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप आहे, घर बनशंकरीला. सकाळी डबा घेऊन जातात, संध्याकाळी हातांना वार्निशचा वास घेऊन येतात. बोलणं मोजकं. पानात काहीही वाढा, कन्नडमध्ये 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणून जेवणार. लग्नाआधी चिकपेटला माझा शालू पाच मिनिटांत पसंत केला. तेव्हा मान तरी वर केली होती की नाही, कोण जाणे.

आणि हाच माणूस एका पंपासाठी अख्खा महिना घालवतो!

पंप माशांच्या टाकीचा. आमची रम्या लग्न होऊन म्हैसूरला गेली आणि ह्यांनी रिकाम्या हॉलमध्ये समुद्रच आणून बसवला. मिठाचं पाणी, जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी मासे. वरच्या टाकीतलं पाणी खालच्या पेटीत उतरतं, तिथे स्वच्छ होतं आणि पंप ते परत वर चढवतो. पंप थांबला की मासे हळूहळू गुदमरतात. पहिला पंप ह्यांनी कारखान्याच्या हिशेबाने निवडला, लागेल त्याच्या दुप्पट ताकदीचा. तो भिंतीपलीकडे रात्रभर गुरगुरायचा आणि माझा डोळ्याला डोळा लागायचा नाही. मी सांगून पाहिलं, मग सांगायचंच सोडलं.

अशात सुप्रीता उगवली. ह्याच छंदाच्या ग्रुपमधली, जयनगरची दातांची डॉक्टर. नवा पंप कुठला घ्यावा, यावर रोज संध्याकाळी दोघांचा फोन. हे गॅलरीत जाऊन कन्नडमध्ये बोलणार, आणि वर हसणार! माझ्याशी बोलताना कधी हसलेले मला आठवत नाहीत. जन्म मोटारींत गेलेल्या माणसाला दातांची डॉक्टर पंप शिकवणार? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. हो, मत्सरच तो. उगाच दुसरं नाव कशाला देऊ?

पंप आला तो नेमका खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी आम्ही अवजारं, यंत्रं धुऊन पुजतो आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाही. हे वर्कशॉपच्या पूजेला गेले होते. मी खोकं उघडलं, पंप पाटावर पान्ह्यांच्या शेजारी मांडला, हळदकुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल वाहिलं. भक्तीने केलं असं म्हणणार नाही. तिच्या पसंतीची वस्तू एक दिवस तरी माझ्या ताब्यात राहू दे, एवढंच मनात होतं.

दुपारी जुना पंप बंद पडला. हे घरी आले तेव्हा मासे वर येऊन धापा टाकत होते. ह्यांनी टाकीकडे पाहिलं, मग पाटाकडे. पूजेतलं अवजार ह्यांनी कधी उचललेलं नाही, कामगारांनाही उचलू देत नाहीत. पाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मांडलंस तू. तू म्हणशील तसं."

मरू देत मेले, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण हे टाकीपाशी जाऊन वाटीवाटीने पाणी उपसून वरून ओतायला लागले होते. मी देवाला नमस्कार केला, पंप उचलला, हळदीचा कण उरणार नाही असा धुतला आणि ह्यांच्या हातात दिला.

हे पेटीत हात घालून बसलेले, तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. मी उचलला. सुप्रीताच होती. म्हणाली, "अक्का, नव्या पंपाचा आवाज येतोय का? मी भारीतला सुचवत होते, पण त्यांचा एकच हेका. स्वल्पसुद्धा आवाज नको, बायकोला झोप लागत नाही. महिनाभर ग्रुपमधल्या एकेकाला आपापल्या टाकीशी फोन धरायला लावून पंप ऐकले त्यांनी. आम्ही सगळे हसायचो."

मी वळून पाहिलं. पंप सुरू झाला होता, मला कळलंही नव्हतं. मासे खाली प्रवाळापाशी गेले होते.

फोन ठेवला. डोळे भरून आले, आणि रागही तेवढाच आला.

"माझी झोप उडालीय हे तिला सांगितलंत," मी म्हटलं. "मला एकदा तरी विचारलंत?"

ह्यांनी पेटीचं दार लावलं. पण दसऱ्याच्या सकाळी मी चहा दिला तेव्हा कप हातात धरून विचारलं, "झोप लागली?"

लागली नव्हती. ती सुप्रीता दिसायला कशी असेल, याचाच विचार मी रात्रभर करत होते. पण मी हो म्हटलं.