काचेत लावलेला चेहरा

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, सगळे ‘हसा जरा’ म्हणून ओळखतात. चाळीस वर्षं स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत आले, आणि स्वतः हसलेले मला काही आठवत नाहीत. लग्न केलं नाही. मी म्हणायचे, मुलगी बघायला गेलात तिथंही उजेड कुठून येतो तेच बघत बसला असाल.

आमचे हे गेल्यापासून मी दुपारची स्टुडिओत बसते. दोन यत्ता शिकलेली बाई आणखी काय करणार? गिऱ्हाइकांचे केस विंचरायचे, पावडर लावायची, ज्याच्याकडे कोट नाही त्याला दुकानचा काळा कोट घालून मागून पिना मारायच्या. त्या एका कोटात निम्मं गाव साहेब झालंय.

भाऊजींचा जीव मात्र काचेत. रस्त्याकडच्या मोठ्या काचेआड एकच चौकट, आणि वर्षातला सगळ्यात चांगला चेहरा तिथं लागायचा. कुणाला विचारायची पद्धत नव्हती. ज्याचा लागला तो घरदार घेऊन बघायला यायचा.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई सांगून थकल्या. लेखी होकाराशिवाय कुणाचा फोटो लावू नका, काका, आणि ते नाव-पत्त्यांचं रजिस्टर काउंटरवर उघडं टाकू नका, एखाद दिवशी अंगाशी येईल.

“होकार चेहऱ्यावर दिसतो,” भाऊजी म्हणाले. “सही कशाला?”

मीही त्यांचीच री ओढली. सही म्हटलं की माझा हात तसाही जड होतो.

मग ती आली. असेल तिशीची. पाळणाघरात नोकरी लागली होती, ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. केस विंचरायला घेतले तर भांगाच्या कडेला बोटभर लांब खूण, टाक्यांची. मी काही विचारलं नाही. तीच हळू आवाजात म्हणाली, “आजी, तुम्ही दाराकडे तोंड करून बसाल? कुणी आत आलं तर सांगा मला.” नवऱ्याला सोडून आली होती, तो शोधत होता, आणि ती या गावात आहे हे त्याला माहीत नव्हतं. एवढंच बोलली. मी भांग दुसरीकडे पाडून खूण झाकली आणि दाराकडे तोंड करून बसले. त्या भरवशावर ती कॅमेऱ्याकडे बघून हसली.

आठवड्याभरात तो फोटो काचेत लागला. भाऊजींना मी तिचं काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याची गोष्ट कशाला सांगत फिरा. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. पण फोटोत चेहरा असा खुलून आला होता, की काच पुसताना मीच तिच्याकडे बघून हसायचे. ती फोटो घेऊन गेली ती गेली, आमच्या रस्त्याला तिचं येणं नव्हतं. तिला काय कळणार?

महिना उलटल्यावर एक माणूस काचेसमोर येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. तीनला आला, चारला गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊजींना वाटलं, फोटोचा दर्दी भेटला. तिसऱ्या दिवशी तो आत आला. म्हणाला, ही माझी बहीण, आईला पाठवायला एक प्रत द्या. भाऊजींनी खुशीत रजिस्टर उघडलं, तिच्या नावावर बोट ठेवून नंबर वाचला आणि निगेटिव्ह शोधायला आत गेले. रजिस्टर तसंच उघडं.

मी कोट झटकत होते.

“केस तुम्ही विंचरले का?” त्यानं खाली बघतच विचारलं. “छान. खूण दिसत नाही.”

मी हातातला कोट रजिस्टरवर टाकला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “वाचलं मी.”

प्रत न घेताच गेला.

रजिस्टरात तिच्या खोलीचा पत्ता होता, पाळणाघराचा नव्हता. तेवढीच फट. मी भाऊजींना सगळं सांगितलं, आणि दुकान उघडं टाकून आम्ही दोघं म्हातारी पाळणाघराकडे धावत सुटलो. तिच्या कडेवर कुणाचं तरी मूल होतं. भाऊजींनी निगेटिव्ह तिच्या हातात ठेवलं.

“किती दिवस होता काचेत?” तिनं विचारलं.

“सदतीस,” भाऊजी म्हणाले.

तिनं मूल खाली ठेवलं, पर्स घेतली आणि मागच्या फाटकानं निघून गेली. खोलीवर गेलीच नाही. कुठं जातेस, हे आम्ही विचारलं नाही, तिनं सांगितलंही नाही.

वकीलबाई म्हणाल्या, तिनं दावा लावला तर बचावाला तुमच्याकडे कागदाचा कपटा नाही. भाऊजी रोज पोस्टमनची वाट बघायचे. मला वाटतं, दावा लागावा असंच त्यांना वाटत होतं. लागला नाही. दाव्यात आपला पत्ता लिहावा लागतो.

आता रजिस्टर कुलपात असतं. होकाराच्या सहीची छापील चिठ्ठी सुरू झाली. काचेतली चौकट रिकामी.

मागच्या सोमवारी तो परत आला. स्टुलावर बसला, माझा फोटो काढा म्हणाला. भाऊजींनी चिठ्ठी पुढे सरकवली. त्यानं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. समोरच्या गल्लीतलाच. खोली घेतली होती त्यानं. खाली होकाराच्या रकान्यात वळणदार सही केली.

“काचेत लावा,” तो म्हणाला. “ती कधी इकडून गेली तर दिसेन.”

भाऊजी ‘हसा जरा’ म्हणाले नाहीत. त्यांनी चिठ्ठीचे दोन तुकडे केले. “होकार तुमचा,” ते म्हणाले, “काच माझी.”

“बरं. उद्या विचारतो,” तो म्हणाला.

तेव्हापासून रोज तीन वाजता येऊन विचारतो. भाऊजी रोज नाही म्हणतात. गिऱ्हाईक तुटलंय. वकीलबाईंनी पोलिसांत द्यायला अर्ज लिहून घेतलाय, आणि त्यावर माझी सही आहे, वेडीवाकडी, पण पुऱ्या नावाची.

आणि मी दाराकडे तोंड करून बसते.