पुसायचं राहिलेलं लाल पेन

प्रभाकर नेवासकर म्हणजे पाटबंधारे खात्यातला रिटायर नकाशेवाला. दूधवाल्याच्या मापावर त्याचा भरवसा नव्हता, कॉम्प्युटरच्या माऊसवर तर मुळीच नव्हता. जुना कॉम्प्युटर घेतला, पण नकाशे काढायचा आज्ञा टाईप करून. रेघ इतकी जाड, या रंगाची, इथून तिथवर. शेवटची आज्ञा दिली की पीडीएफ तयार. जगाच्या रेघा तपासणारा हा गडी स्वतःची मात्र कधी तपासत नसे.

दोन हजार एक साली त्यानं विजयाबाईंच्या प्लॉटचा नकाशा केला. मालकीची हद्द जाड लाल, शेजारच्या श्रीकांतबरोबरची सामाईक गल्ली बारीक काळी. माधव नगरात शैलेंद्रच्या दुकानी फ्लॉपीवरून छापून घेतला आणि गुंडाळी न उघडताच श्रीकांतच्या सहीला नेली.

श्रीकांतनं कागद उलगडला. गल्लीही जाड लाल, म्हणजे तीही विजयाबाईंच्याच मालकीची.

"काय हो नेवासकर, विजयाबाईंकडचं श्रीखंड फारच गोड लागलं वाटतं?"

प्रभाकरच्या कानशिलात जाळ पेटला. तीस वर्षांत कुणाचा फुकट चहा घेतला नव्हता, आणि आता सगळ्या मोहल्ल्यात नाव खराब होणार. तो तडक शैलेंद्रकडे गेला. मागं याच दुकानात त्याच्या अक्षरांच्या जागी चौकोन छापले होते. तेव्हापासून तो फाँट, म्हणजे अक्षरांचे साचे, फाइलीच्या आतच भरून आणायचा.

"रेघ कुणी बदलली? किती दिले विजयाबाईंनी?"

"काका, फालतू शक नका करू. चौकोन आले तेव्हा फाँट फाइलीत नव्हता, म्हणून मशीननं स्वतःच्या मनचं छापलं. रेघ तर तुमच्याच फाइलीतली. आज्ञा वाचा ना."

खिशातला आज्ञांचा कागद काढून प्रभाकर वाचत गेला. जाड. लाल. हद्द. मग थेट गल्ली. मधे आधीची जाडी आणि रंग परत आणायची आज्ञाच नाही. हापिसात खांद्यावर फडकं असायचं, रेघ झाली की हात आपोआप पेन पुसायचा. इथं पेन पुसायलाही सांगावं लागतं.

दुरुस्त नकाशा घेऊन तो विजयाबाईंच्या देखत श्रीकांतसमोर उभा राहिला. "चूक माझी. लाल पेन पुसायचं राहिलं."

"असं तुम्ही म्हणता," श्रीकांत म्हणाला, आणि सही न करता एकेक रेघ बोटानं चाचपू लागला.

प्रभाकरला राग आला नाही. त्यानंही तेच केलं असतं. पिशवीतून पट्टी काढून त्यानं श्रीकांतच्या हातात दिली. "बोटानं नको. मोजून घ्या."

श्रीकांतनं गल्ली दोनदा मोजली, मग पेन मागितलं.