अबोली तुकडा

आई सोमवारी गेली. पुढच्या महिन्यात मी बोरिवलीच्या एका दुकानात फोन घ्यायला गेले, तेव्हा एक काका तिथे होते. खिशातून अबोली ब्लाउजपीसचा तुकडा काढून त्यांनी काउंटरवर पसरला, दुकानातल्या एका फोनने त्याचा फोटो काढला आणि तुकडा नि फोन दोन्ही घेऊन दारातल्या उन्हात गेले. बायका साडीवरचं कापड पारखायला जातात, तसे.

"काका, हे मॅचिंग सेंटर नाहीये ना!" विक्रेती हसली.

"गुलाबी आला गं. दुसरा दे."

मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "बायको अंथरुणाला खिळलीय. माहेर मढचं. तिथला समुद्र फोटोत दाखवला की म्हणते, एवढा निळा कधी होता? हा तुकडा तिच्या साडीवरच्या ब्लाउजचा. हा रंग तिला पाठ आहे. हा खरा आला, तर समुद्रही खरा मानेल."

शेवटी एका फोनवर अबोली अबोलीच उतरली. ते बराच वेळ उन्हात उभे राहिले. मलाही कुठूनशी लाटांची गाज ऐकू आल्यासारखं वाटलं. मग तो फोन विकत घेऊन ते समुद्राचा फोटो काढायला मढला निघाले.

आईची डाळिंबी साडी माझ्या कपाटात आहे. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत ती लाल दिसते.