पलटणखालाची वाटी

पलटणखालाच्या घरी कोणी गेलं, की ती आधी ‘बस’ म्हणत नसे. पाहुण्याच्या हातातलं गाठोडं घ्यायची, एका हातानं उचलायची, दोनदा वरखाली करून बघायची आणि निकाल द्यायची, “हे जहाजावर चढत नाई.” पाहुणा वाशीमहून बाजार करून आलेला असो की लेकीच्या बाळंतपणाला निघालेला असो, जहाजाशी त्याचा सात जन्मांत संबंध येणार नसला तरी खालाला फरक पडत नसे. एकदा तिनं पटवाऱ्याच्या व्याह्यांची वळकटी अशीच उचलून पुन्हा त्यांच्या पायाशी ठेवली होती. व्याही तासभर रुसून बसले होते म्हणे.

तिचा नवरा पलटणीत शिंपी होता. पहिल्या मोठ्या लढाईच्या आधी पलटण ब्रह्मदेशात गेली, तेव्हा खालाही त्याच्याबरोबर गेली आणि चार वर्षं तिकडे राहून आली. पुढं तो वारला, आणि त्याच्या शिलाई मशीनवर आमच्या गावच्या, अनसिंगच्या बायांच्या चोळ्या शिवत खाला आमच्या घराच्या मागच्या बोळात एकटी राहू लागली. आसपासच्या गावांत कुणाचा नवरा पलटणीत असला आणि त्याचं बायकोला बोलावणं आलं, की ती बाई खालाकडे यायचीच. अशा आम्ही सगळ्या मिळून पाच-सहा जणी असू, पण खाला बोलायची अशी, की जणू अर्धा जिल्हा तिनंच समुद्रापार पाठवला.

रंगून कसं आहे, असं विचारलं तर ती एका शब्दात सांगायची, “ओलं.” सोन्याचे कळस, लाकडी घरं, फुलं माळलेल्या बाया यांची आम्हाला उत्सुकता, आणि ही सांगणार की तिकडे चपलांवर बुरशी येते, काड्याची पेटी पेटत नाही, डाळ दर आठ दिवसांनी तव्यावर गरम केली नाही तर तिच्यात अळ्या होतात. जहाजावर लिंबू चोखत राहायचं. पेटीला लाल चिंधी बांधायची, म्हणजे हजार पेट्यांत आपली दिसते. आणि नवऱ्याचा नंबर पाठ करायचा. हा तिचा फार आग्रह. तिच्या वेळी बुलढाण्याकडची एक बाई धक्क्यावर दिवसभर बसून राहिली होती. साहेब नवऱ्याचं नाव विचारे आणि ही लाजून पदर तोंडाला लावी. घरी नाव घ्यायची वेळ आली तर उखाणा असतो. गोऱ्या साहेबापुढे उखाणा कोण घालणार? “नाव नोको घेऊ,” खाला म्हणायची, “नंबर घे. नंबराची काय लाज?” मी ह्यांचा नंबर असा पाठ केला, की आज स्वतःचं वय विसरते पण तो आकडा विसरत नाही.

आमचे हे पलटणीत कारकून होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातले चाळीस दिवस आम्ही एका घरात काढले होते. पलटण तीन वर्षांसाठी ब्रह्मदेशात गेली, राहायला जागा मिळाली आणि ह्यांचं पत्र आलं की ये. तेव्हा मला पाचवा महिना. सासूबाईंनी साफ सांगितलं की बाळंतपण इथंच होईल, परमुलखात आपलं माणूस नाही, भाषा नाही, काही झालं तर कोण आहे? त्यांचं चुकीचं नव्हतं. पण मूल तीन वर्षांचं होईपर्यंत बापाला दिसणार नाही, या विचारानं मी पेटी भरून ठेवली होती.

मला भीती घालावी म्हणून सासूबाईंनीच खालाला बोलावलं. खाला ओसरीवर बसली. आमच्याकडे ती ओसरीच्या पुढं कधी आली नाही. तिच्या चहाची कानतुटकी कपबशी बाहेरच्या देवळीत पालथी घातलेली असे, चहा पिऊन ती स्वतःच विसळून ठेवायची. तिला किंवा आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. निदान आम्हाला तरी नव्हतं. सासूबाईंनी परमुलखातल्या बाळंतपणाची सगळी संकटं तिच्यापुढं मांडली आणि तिनं होकार देण्याची वाट पाहू लागल्या. खालानं चहा संपवला, माझी पेटी मागवली, उचलून पाहिली आणि आतलं पितळेचं अर्धं सामान काढून ओसरीवर रांगेनं मांडलं. “आता जाते जहाजावर,” ती म्हणाली. सासूबाई पुढं दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. माझं जाणं मात्र ठरलं.

जाणं ठरल्यावर खालानं पेटी पुन्हा तपासली, तेव्हा तीत एक फडकं निघालं. सासूबाईंनी ते दह्यात भिजवून सावलीत वाळवलं होतं, तिकडे कोमट दुधात टाकलं की घरचंच विरजण लागेल म्हणून. खालानं ते बाजूला ठेवलं. मी तिच्या नकळत परत पेटीत घातलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या पाया पडायला गेले. तिनं मशीन थांबवली नाही. शिवता शिवताच म्हणाली, “पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारनीकडे विरजन मागायले जाजो. रिकाम्या हातानं जाजो. लाडू घेऊन गेली तं ती ठेवून घेईन अन् दार लावून घेईन. रिकामी गेली तं ती आपल्या वाटीत देईन. मंग वाटी परत करनं आलं, अन् वाटी आपन काई रिकामी परत करत नाई.”

मी हसून म्हटलं, “खाला, एवढ्याशा दह्यासाठी अनोळखी माणसाकडे काहून जाऊ?”

तेव्हा मशीन थांबली. खालाला तिकडे मुलगा झाला होता, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आठ महिन्यांचा असताना त्याला ताप आला. नवरा पलटणीबरोबर डोंगरात गेलेला. तीन दिवस खाला दार लावून त्याला मांडीवर घेऊन बसली. कुणाला हाक मारायची, कोणत्या भाषेत मारायची, हे तिला कळेना. “बाजूले जी बाई राहे ना बेटा, ती दवाखान्यातली दाई होती. मधात एक भिंत होती. मले चौथ्या दिवशी समजलं.” एवढं बोलून तिनं सुईत दोरा ओवला आणि पुन्हा मशीन चालू केली.

फडकं जहाजावरच बुरसलं. तरीही मी विरजण मागायला गेले नाही. माणसाचा ताठा काय असतो, तो मला तिकडे समजला. शेजारी पलटणीतल्याच, मद्रासकडच्या एका नायकाची बायको होती, मुनिअम्मा. आम्ही दाराशी एकमेकींकडे बघून मान हलवायचो आणि आत जायचो. दोन महिने असेच गेले. मग पलटण सरावाला लांब गेली, हे गेले, आणि त्या रिकाम्या घरात एका दुपारी मला खालाची ती भिंत दिसली. मी उठले आणि रिकाम्या हातांनी शेजारच्या दारात उभी राहिले. मला शब्द येईना. दूध ओतल्यासारखं केलं, त्यात बोटानं कणभर काही सोडल्यासारखं केलं. मुनिअम्मा खळखळून हसली आणि वाटी भरून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या वाटीत गूळशेंगदाणे घालून नेले. महिन्याभरानं भर दुपारी माझं पोट दुखू लागलं. हे अजून परतले नव्हते, आणि पावसानं दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली गेलेला. मी भिंतीवर तीनदा थाप मारली. माझी थोरली लेक मुनिअम्माच्या हातांवर जन्मली.

तीन वर्षांनी आम्ही परतलो. गाडीतून उतरून घरी आले, सासूबाईंनी नातीला पोटाशी धरलं, रडणं झालं, हसणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या बोळात गेले. खाला फार थकली होती. मशीनवर कापड झाकलेलं होतं. सवयीनं तिनं माझ्या हातांकडे पाहिलं, गाठोडं उचलायला म्हणून. हात रिकामे होते.

“खाला, विरजण पाहिजे होतं,” मी म्हटलं.

 ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि एक कल्हईची छोटी वाटी घेऊन आली. वाटी काठोकाठ भरलेली होती, दही तिच्या बोटांवर आलं होतं. “बरम्यात कोनी माह्या दारी मागायले यायले वर्स लागलं होतं बेटा,” ती म्हणाली. “अनसिंगात जराशीक जास्त लागलं.”

तीस वर्षं शेजारी राहून आमच्या घरातून कुणी तिच्याकडे काही मागायला गेलं नव्हतं. मीही नाही. तिच्याकडून परमुलखात जगायचं कसं ते शिकले, पण तिच्या घरचं पाणी कधी प्यायले नव्हते. हे तिच्या दारात उभी असताना मला कळलं, आणि माझी मलाच फार लाज वाटली.

वाटी मी सरळ स्वयंपाकघरात नेली. सासूबाईंनी ती ओळखली.  त्या दिवशी त्यांनी दही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घासलेली वाटी त्यांनी माझ्यापुढं धरली. आत मेथीचे दोन लाडू होते.

“रिकामी नोको नेऊ,” त्या म्हणाल्या.

पुढची दोन वर्षं ती वाटी बोळातून येत-जात राहिली. खाला गेली त्या दिवशी ती आमच्या घरी होती, लाडू भरून ठेवलेली, दुपारी न्यायची म्हणून. त्यामुळं ती माझ्याकडेच राहिली. अजून मी तिच्यात विरजणच ठेवते, आणि कुणी मागायला आलं तर तिच्यातूनच देते.